बाराची गाडी

वेस्टर्न चित्रपटातल्या गावाला सहसा फारसं काम नसतं. एक धुळकट रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, एक दारूचा गुत्ता, एक तुरुंग, एक चर्च. नायक आणि खलनायक समोरासमोर आले की रस्त्यावरची माणसं पटापट खिडक्या लावून घेतात. गोळीबार थांबला की तीच माणसं बाहेर येतात, नायकाला निरोप देतात आणि पडदा पडतो. खिडक्या लावून आत बसलेली माणसं त्या वेळात एकमेकांशी काय बोलत होती, हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

१९५२ साली आलेल्या ‘हाय नून’नं नेमकं तेच विचारलं. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन, निर्माता स्टॅन्ली क्रेमर, पटकथाकार कार्ल फोरमन. चित्रपटात मार्शल आहे, बंदूकबाज आहेत, शेवटी गोळीबारही आहे. पण गोळीबार जेमतेम शेवटच्या काही मिनिटांत उरकतो. त्याआधीचा सगळा चित्रपट एका माणसानं दारोदार फिरून मदत मागण्यात आणि प्रत्येक दारातून रिकाम्या हातानं परतण्यात जातो.

घड्याळाच्या काट्यावर

न्यू मेक्सिको टेरिटरीतलं हॅडलीव्हिल हे छोटंसं गाव, रविवारची सकाळ. मार्शल विल केनचं (गॅरी कूपर) लग्न नुकतंच लागलंय. नवरी एमी (ग्रेस केली) क्वेकर पंथाची, म्हणजे हिंसा कुठल्याही कारणानं करायची नाही असं मानणाऱ्यांपैकी. तिच्यासाठी केन बिल्ला उतरवून ठेवतो. दुसरीकडे कुठेतरी दुकान टाकायचं आणि सुखानं संसार करायचा, असा बेत आहे. तेवढ्यात स्टेशनमास्तर तार घेऊन येतो. फ्रँक मिलर तुरुंगातून सुटला आहे.

पाच वर्षांपूर्वी केननंच मिलरला खुनाच्या गुन्ह्यात पकडून दिलं होतं. फाशीची जन्मठेप झाली, जन्मठेपेची माफी झाली आणि आता तो बारा वाजताच्या गाडीनं गावात यायचा आहे. त्याचा भाऊ आणि दोन साथीदार स्टेशनवर येऊन बसलेत. नवा मार्शल उद्या हजर होणार. म्हणजे आजचा दिवस गावाला कुणी वाली नाही.

गावकरी केनला घोडागाडीत बसवून जवळजवळ पिटाळूनच लावतात. काही अंतर गेल्यावर तो घोडे थांबवतो आणि गाडी मागे वळवतो. आजवर आपण कुणाला पाठ दाखवली नाही, आणि आज दाखवली तरी हे लोक माग काढत येणारच, असं त्याचं म्हणणं. एमी त्याला सरळ बजावते: तू थांबलास तर बाराच्या गाडीनं मी निघून जाईन, एकटी.

लग्न लागतं तेव्हा साडेदहा वाजून गेलेले असतात. चित्रपटाची लांबी ८५ मिनिटं. प्रेक्षकाच्या मनगटावरचं घड्याळ आणि पडद्यावरचं घड्याळ जवळजवळ जोडीनं चालतात. वेस्टर्नमध्ये ही गोष्ट वेगळीच होती. या चित्रप्रकाराला ऐसपैस काळ लागतो. ‘रेड रिव्हर’मधले (१९४८) गुराखी हजारो गुरं हाकत महिनोन्‌महिने चालत राहतात, ‘द सर्चर्स’मधला (१९५६) शोध काही वर्षं चालतो. ‘हाय नून’नं मोकळी मैदानं बाहेर ठेवली आणि गोष्ट एका रस्त्यात व दीड तासात कोंडली.

वेळेच्या या कोंडीमुळे साध्यासुध्या प्रसंगांनाही ताण येतो. केन एखाद्याच्या दारात उभा राहून बोलतो तेव्हा ती दोन मिनिटं त्याच्या हिशेबातून वजा होत असतात. त्याच्या कचेरीत घड्याळ आहे, हॉटेलात आहे, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे वळतो. झिनेमननं चित्रपटाचा आराखडा तीन दृश्यांवर बांधला होता: क्षितिजापर्यंत गेलेले रिकामे, निश्चल रूळ, गावभर वणवण करणारा काळ्या कपड्यांतला केन, आणि दर वेळी आकारानं मोठी होत जाणारी घड्याळं.

खलनायकाचं काय? तो बारा वाजेपर्यंत दिसतच नाही. त्याची फक्त चर्चा चालते. कचेरीतली एक रिकामी खुर्ची तेवढी दिसते. शिक्षा झाली तेव्हा मिलर तिच्यात बसला होता आणि परत येऊन केनला मारीन म्हणाला होता. त्या खुर्चीवर कॅमेरा सरकत जातो, एवढंच. माणूस पडद्यावर नसताना त्याची दहशत उभी करायची, तर ती इतरांच्या चेहऱ्यांवर दिसावी लागते. फोरमननं तेच केलं. गाडीतून उतरणारा मिलर प्रत्यक्षात अगदी सामान्य दिसतो.

नाही म्हणण्याच्या तऱ्हा

चित्रपटाचा खरा ऐवज म्हणजे गावकऱ्यांची कारणं. पटकथा जॉन कनिंगहॅम यांच्या ‘द टिन स्टार’ या १९४७ साली ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात आलेल्या कथेवर बेतलेली होती. कथेतला शेरीफ म्हातारा आणि विधुर आहे. नवी नवरी आणि एकामागून एक बंद होत जाणारी दारं ही फोरमनची भर. या दारांमागचा एकही माणूस त्यानं दुष्ट रंगवलेला नाही. प्रत्येकाचं कारण ऐकताना वाटतं, याचंही बरोबरच आहे की.

पहिला काढता पाय घेतो तो न्यायाधीश. त्यानंच सकाळी लग्न लावलं, त्यानंच मिलरला शिक्षा सुनावली होती. आता तो भिंतीवरचा राष्ट्रध्वज उतरवतो, न्यायाचा तराजू गुंडाळतो, कायद्याची पुस्तकं पिशवीत भरतो. भरता भरता केनला प्राचीन अथेन्सची गोष्ट सांगतो: हाकलून दिलेला हुकूमशहा फौज घेऊन परतला तेव्हा नागरिकांनीच त्याला वेशीचे दरवाजे उघडून दिले. इतिहास मुखोद्गत असलेला हा गृहस्थ घोड्यावर बसून निघून जातो.

डेप्युटी हार्वे पेल (लॉइड ब्रिजेस) तरुण, धडधाकट. पण आपल्याला मार्शल केलं नाही याचा राग त्याच्या डोक्यात आहे. नेमणुकीसाठी शब्द टाकशील तर थांबतो, असा सौदा तो मांडतो. केन नकार देतो आणि बिल्ला टेबलावर पडतो. जुना मार्शल मार्टिन हाऊ (लॉन चेनी ज्युनियर) हा केनचा गुरूच. त्याची बोटं संधिवातानं वाकडी झालीत. पण बोटांपेक्षा मन जास्त थकलंय. गुन्हेगार पकडायचे, ज्यूरीनं ते सोडून द्यायचे, आणि शेवटी कुठल्यातरी धुळीच्या रस्त्यावर एकट्यानं मरायचं, असा त्याच्या आयुष्यभराच्या नोकरीचा जमाखर्च आहे. हॉटेलातला कारकून तर उघडच सांगतो की मिलरच्या काळात धंदा बरा चालायचा. गुत्त्यात केन किती मिनिटांत मरेल यावर पैज लागते.

सॅम फुलरच्या दाराशी जे घडतं ते मिनिटभराचं आहे, पण अख्खं गाव त्यात सामावलंय. केन येताना दिसतो तसा सॅम बायकोला सांगतो, मी घरात नाही म्हणून सांग. ती बिचारी दार उघडते आणि ते चर्चला गेलेत म्हणते. तुम्हाला सोडून? केन विचारतो. तिची नजर खाली जाते. मी आवरून मागून जाणार आहे, असं काहीतरी ती पुटपुटते. केनला सगळं कळतं. तो एक शब्दही जास्त न बोलता निघतो. दार लागतं आणि आतल्या खोलीतून सॅम बायकोवरच खेकसतो: मी मेलेला हवाय का तुला, विधवा व्हायचंय का? तिच्या तोंडून एक बारीकसा नकार येतो. सॅमचा चेहरा पाहावा. भीतीपेक्षा लाजच त्याला जास्त झोंबलेली असते.

चर्चमधला प्रसंग याच्या उलट, भर सभेतला. केन आत येतो तेव्हा प्रार्थना चालू असते. ती थांबते, मुलांना बाहेर पाठवलं जातं आणि रीतसर चर्चा सुरू होते. सुरुवातीला काहीजण तटकन उठतातही. मग एकजण म्हणतो, हे तर केन आणि मिलरचं खाजगी भांडण आहे. दुसरा म्हणतो, मार्शल आणि डेप्युटींना आपण पगार देतो तो कशासाठी? तिसरा सगळं खापर मिलरला सोडणाऱ्या वरच्या राजकारण्यांवर फोडतो. एक बाई उसळून उठते आणि विचारते, भरदिवसा बायकांना रस्त्यावरून चालता येत नव्हतं ते दिवस विसरलात का? धर्मोपदेशकाला मत विचारल्यावर त्याला मत नाही. लोकांना मरायला जा असं कसं सांगायचं, हा त्याचा पेच.

शेवटी महापौर जोनास हेंडरसन (थॉमस मिचेल) उठतो. केनचा जुना स्नेही. या माणसानं आपल्या गावासाठी काय काय केलं, याची तो इतकी भरघोस उजळणी करतो की आता सगळे बंदुका घेऊन निघणार असंच वाटावं. मग त्याच सुरात, आवाज जराही न बदलता, तो वळण घेतो. उत्तरेकडचे भांडवलवाले आपल्या गावात दुकानं आणि कारखाने काढायचा विचार करतायत. रस्त्यावर रक्त सांडल्याच्या बातम्या त्यांच्या कानावर गेल्या तर? केन नसेल तर मिलर काही करणार नाही. म्हणून केननं जावं, गावाच्या आणि त्याच्याही भल्यासाठी. स्तुतीनं सुरू झालेलं भाषण हद्दपारीवर संपतं आणि कुणी हूं की चूं करत नाही.

मदतीला कोण तयार होतं? एक डोळा गेलेला दारुडा, आणि सोळा वर्षांचा आहे म्हणून सांगणारा चौदा वर्षांचा पोरगा. दोघांनाही केन परत पाठवतो. सकाळी छाती काढून पुढे आलेला हर्ब बेकर ऐनवेळी येतो, आपण एकटेच आहोत हे पाहतो आणि बायकामुलांची आठवण काढत सटकतो. केन कचेरीत एकटा बसून मृत्युपत्र लिहायला घेतो. गॅरी कूपर या प्रसंगी टेबलावर डोकं टेकवतो. वेस्टर्नच्या नायकाला भीती वाटताना प्रेक्षकांनी फारसं पाहिलं नव्हतं.

दोघी

पुरुषांची ही गत असताना गोष्टीचं वजन दोन स्त्रियांवर येतं. हेलन रामिरेझ (कॅटी हुराडो) ही मेक्सिकन बाई गावात दुकान आणि गुत्ता चालवते. नाव कागदावर दुसऱ्याचं. ती आधी मिलरची होती, मग केनची, आता हार्वेची. गावातल्या खानदानी बायका तिच्याकडे बघत नाहीत. गावाचं पाणी मात्र तिनंच सगळ्यात आधी जोखलंय. केन मेला की हे गावही मेलं, हे ओळखून ती धंदा विकून मोकळी होते. हुराडोला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं गोल्डन ग्लोब मिळालं. वेस्टर्नमधली मेक्सिकन बाई बहुधा नाचण्यापुरती असायची. इथे तिला व्यवहार कळतो, माणसं कळतात आणि तिचं बोलणं सगळ्यात नेमकं असतं.

एमी तिच्याकडे जाते ती नवऱ्याचा तिच्याशी काय संबंध होता हे विचारायला. हेलन तिला सुनावते: तो माझा नवरा असता तर मी पळाले नसते, बंदूक उचलली असती. त्यावर एमी जे सांगते त्यानं तिची अहिंसा पोथीतली राहत नाही. तिचा बाप आणि भाऊ गोळ्यांना बळी पडले होते. ते न्यायाच्या बाजूनं होते, पण त्यानं गोळी अडली नाही. ते पाहिल्यावर ती क्वेकर झाली.

दोघी एकाच गाडीत चढतात. पहिला बार ऐकू येताच एमी खाली उडी मारून गावाकडे धावत सुटते. मग कचेरीच्या खिडकीतून ती एका बंदूकबाजाला गोळी घालते, तीही पाठीत. मिलर तिला ढाल करून रस्त्यावर आणतो तेव्हा ती त्याचा चेहरा ओरबाडते आणि केनला नेम धरायला जागा मिळते. म्हणजे केनच्या मदतीला गावातून एकच माणूस आला, आणि तोही हिंसा न करण्याची शपथ घेतलेला. ही गाठ फोरमन सोडवत नाही. एमीची चूक झाली की बरोबर, यावर नवराबायकोत एक वाक्यसुद्धा होत नाही.

पांढरं आभाळ

वेस्टर्नचं आभाळ म्हणजे ढगांची आरास, अशी तोवरची रीत. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यानं आभाळ कोरं, भगभगीत पांढरं ठेवलं. अमेरिकन यादवी युद्धाच्या वेळी मॅथ्यू ब्रेडी यानं काढलेल्या छायाचित्रांसारखं, जुन्या वृत्तपत्रात छापल्यासारखं दिसावं, असा झिनेमनचा आग्रह होता. कूपर तेव्हा पन्नाशीचा. पोटातला अल्सर आणि पाठदुखी यांनी बेजार. त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेकअपखाली झाकल्या नाहीत. एकवीस वर्षांची ग्रेस केली शेजारी उभी राहिली की तो आणखीच थकलेला दिसतो.

रेल्वेचं दृश्य घेताना क्रॉस्बी आणि झिनेमन रुळांवरच कॅमेरा लावून पडले होते. इंजिन समोरून येत होतं आणि त्याच्या धुराड्यातून पांढऱ्या धुराबरोबर काळा धूर निघू लागला. दृश्य झकास दिसतंय म्हणून दोघे खूश. काळा धूर म्हणजे ब्रेक लागत नसल्याची खूण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोघे कसेबसे बाजूला झाले, कॅमेऱ्याचा चुराडा झाला, पण आतली फिल्म वाचली.

बारा वाजतानाचा संकलनाचा तुकडा चित्रपटाच्या शाळांमधून आजही दाखवला जातो. हेलकावणारा लंबक, रिकामा रस्ता, रिकामे रूळ, चर्चमधली माणसं, गुत्त्यातली माणसं, एमी, हेलन, मृत्युपत्र लिहिणारा केन. दिमित्री टियोमकिनच्या संगीताच्या ठोक्यावर एकेक चेहरा येतो. ठोके चढत जातात, कॅमेरा रिकाम्या खुर्चीकडे झेपावतो आणि गाडीची शिटी होते. तिथे संगीत तुटतं. त्यानंतर केन रस्त्यावर येतो, आणि क्रेनवरचा कॅमेरा मागे सरकत वर वर जातो, इतका वर की छपरं दिसतात, पूर्ण मोकळा रस्ता दिसतो आणि मध्ये तो एकटा.

टियोमकिननं आणखी एक धाडस केलं. चित्रपटाच्या सुरुवातीलाच, संवादाच्या आधी, टेक्स रिटरच्या आवाजातलं गाणं सुरू होतं; नेड वॉशिंग्टनच्या शब्दांत केनच जणू बायकोला साकडं घालतोय. तीच चाल मग चित्रपटभर कधी ढोलावर, कधी माउथऑर्गनवर फिरत राहते. या चित्रपटाला सात ऑस्कर नामांकनं होती आणि चार पुरस्कार मिळाले. त्यांतले दोन, पार्श्वसंगीत आणि गाणं, टियोमकिनच्या वाट्याला आले. उरलेले अभिनय आणि संकलनासाठी.

पटकथाकाराचं गाव

चित्रीकरण १९५१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झालं. त्याच सुमारास अमेरिकन संसदेची ‘अन-अमेरिकन कारवाया’ शोधणारी समिती हॉलिवूडमधले कम्युनिस्ट हुडकत होती. फोरमन पूर्वी पक्षाचा सभासद होता. २४ सप्टेंबरला त्याला समितीसमोर उभं राहावं लागलं. समितीला हवी होती ती नावं, सहकाऱ्यांची, मित्रांची. त्यानं ती दिली नाहीत. भागीदार क्रेमरशी त्याचं फाटलं, सहनिर्माता म्हणून नाव गेलं आणि तो इंग्लंडला निघून गेला. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ची (१९५७) पटकथा त्यानं आणि मायकेल विल्सननं लिहिली, पण दोघेही काळ्या यादीत असल्यामुळे ऑस्कर मूळ कादंबरीकार पिएर बूल यांच्या नावावर गेलं. अकादमीनं ती चूक १९८४ साली दुरुस्त केली, तेव्हा विल्सन हयात नव्हता आणि फोरमनही त्याच वर्षी गेला.

पटकथा लिहिता लिहिता आपल्याच ओळखीचे लोक टाळू लागले, आणि त्यांची काही वाक्यं जवळजवळ तशीच हॅडलीव्हिलच्या तोंडी गेली, असं फोरमन पुढे सांगत असे. झिनेमनला मात्र चित्रपट केवळ काळ्या यादीचं रूपक मानलेला आवडत नसे. तो व्हिएन्नात वाढलेला ज्यू. त्याचे आईवडील नाझींच्या नरसंहारात मारले गेले. शेजारी गप्प राहिले की काय होतं, हे समजायला त्याला हॉलिवूडची गरज नव्हती. आपल्या लेखी ही सदसद्विवेकाची गोष्ट आहे, असं तो म्हणे. पुढे सदसद्विवेकापायी प्राण गमावलेल्या थॉमस मोरवरचा ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ (१९६६) त्यानंच केला. आणि कूपर? तो पक्का उजव्या विचारांचा. तरी तो फोरमनच्या बाजूनं उभा राहिला.

बिल्ल्यावरून भांडण

शेवटच्या दृश्यात गोळीबार थांबतो आणि घराघरांतून माणसं बाहेर येतात. केन कुणाशी बोलत नाही. छातीवरचा बिल्ला काढतो, धुळीत टाकतो आणि बायकोला घेऊन निघून जातो.

जॉन वेनला हे सहन झालं नाही. फोरमनसारख्यांना हॉलिवूडमधून घालवण्यात पुढाकार घेणाऱ्या संघटनेचा तो अध्यक्ष होता. १९७१ साली ‘प्लेबॉय’ला दिलेल्या मुलाखतीत त्यानं या चित्रपटाला अमेरिकाविरोधी ठरवलं आणि कूपर बिल्ला पायाखाली तुडवतो असं सांगितलं. पडद्यावर तो तुडवत नाही. गंमत अशी, की १९५३च्या ऑस्कर समारंभात गैरहजर कूपरचा पुरस्कार स्वीकारायला वेनच मंचावर आला होता, आणि ही भूमिका आपल्याला का मिळाली नाही, अशी थट्टाही त्यानं तिथे केली होती.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा आक्षेप वेगळा होता. खरा शेरीफ गावभर मदत मागत फिरेलच कशाला? ते त्याचं काम आहे, त्यानं ते करावं. हॉक्स आणि वेननं मिळून ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) काढला. त्यातला शेरीफ मदत घ्यायला तयार नसतो, तरी एक दारुडा, एक लंगडा म्हातारा, एक तरुण पोर आणि एक बाई त्याच्यासाठी धावून येतात. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की लक्षात येतं, भांडण शेरीफवरून कमी आणि गावावरून जास्त आहे. हॉक्सच्या गावात अडचणीच्या वेळी माणसं मिळतात. झिनेमन आणि फोरमनच्या गावात ती चर्चा करतात.

पुढे हाच साचा १९८१च्या ‘आउटलँड’मध्ये गुरूच्या आयो या चंद्रावरच्या खाणीत गेला, तिथे शॉन कॉनरी मारेकऱ्यांना घेऊन येणाऱ्या यानाची वाट पाहतो. १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत पहिले पंचवीस चित्रपट निवडले गेले, त्यांत ‘हाय नून’ होता. त्याच वर्षी तो पोलंडच्या भिंतींवरही लागला. ४ जूनच्या निवडणुकीसाठी तोमाश सारनेत्स्की या तरुण कलाकारानं सॉलिडॅरिटी संघटनेचं पोस्टर केलं. पोस्टरवर रस्त्यानं चालत येणारा गॅरी कूपर, छातीवर सॉलिडॅरिटीचा बिल्ला, पिस्तुलाऐवजी हातात मतपत्रिका, आणि खाली तारखेसह पोलिश शब्द: भर दुपारी. कम्युनिस्टविरोधकांचा हा प्रचार ज्या चित्रपटावर उभा होता, त्याच्या पटकथाकाराला कम्युनिस्ट ठरल्यामुळे अमेरिका सोडावी लागली होती. निवडणुकीत सॉलिडॅरिटीनं सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या.